शरीराची रचना आणि शरीराचे कार्य : मूत्रपिंडाच्या निमित्ताने एक परिचय

मूत्रपिंडविकाराच्या रुग्णांचे नातेवाईक डॉक्टरांना वरचेवर एक प्रश्न विचारतात : “लघवी तर व्यवस्थित होते, मग मूत्रपिंडे निकामी झाली, असे कसे म्हणता?” प्रश्न अगदी स्वाभाविक आहे. मात्र त्याचे उत्तर वेळेवर न समजल्यामुळे कित्येक कुटुंबे उपचाराचा निर्णय पुढे ढकलतात आणि दरम्यान आजार वाढतो. हे उत्तर समजण्यासाठी शरीरशास्त्रातील काही मूलभूत संकल्पनांची ओळख असणे आवश्यक आहे. रुग्णांचे आप्त, देणगीदार आणि विश्वस्त या सर्वांना ती व्हावी, या हेतूने प्रस्तुत लेख दिला आहे.

रचना आणि क्रिया

कोणता अवयव कोठे आहे, केवढा आहे आणि कशाचा बनलेला आहे, हे सांगणारे शास्त्र म्हणजे शरीररचनाशास्त्र. डॉक्टर त्याला ॲनाटॉमी म्हणतात. तो अवयव कोणते कार्य करतो आणि कसे करतो, हे सांगणारे शास्त्र म्हणजे शरीरक्रियाशास्त्र, अर्थात फिजिऑलॉजी. आंद्रेआस व्हेसेलियस यांचा मानवी शरीररचनेवरील सचित्र ग्रंथ १५४३ साली प्रसिद्ध झाला, तर विल्यम हार्वे यांनी रक्ताभिसरणाचा सिद्धान्त १६२८ साली सप्रमाण मांडला. पहिल्या ग्रंथाने शरीर आतून कसे दिसते ते दाखविले. दुसऱ्याने हृदय नेमके काय करते ते उलगडले.

रुग्णाच्या तपासण्यांचेही ढोबळमानाने हेच दोन वर्ग पडतात. क्ष-किरण, सोनोग्राफी आणि सीटी स्कॅन यांतून प्रामुख्याने रचना दिसते. रक्त व लघवीच्या तपासण्यांतून प्रामुख्याने क्रिया कळते. म्हणूनच ‘सोनोग्राफी नॉर्मल’ आणि ‘क्रिएटिनिन वाढलेले’ ही दोन्ही विधाने एकाच रुग्णाच्या बाबतीत एकाच वेळी खरी असू शकतात. त्यांत विसंगती नाही.

पेशीपासून संस्थेपर्यंत

शरीराचा सर्वांत लहान सजीव घटक म्हणजे पेशी. विशिष्ट कार्यासाठी एकत्र आलेल्या पेशींचा समूह म्हणजे ऊती. निरनिराळ्या ऊतींपासून अवयव बनतो आणि परस्परांच्या साहाय्याने काम करणाऱ्या अवयवांची संस्था होते. मूत्रपिंडे, मूत्रवाहिन्या, मूत्राशय आणि मूत्रमार्ग मिळून उत्सर्जन संस्था बनते. मूत्रपिंडात लघवी तयार होते, मूत्राशयात ती केवळ साठते. सारांश, लघवीला त्रास होणे आणि मूत्रपिंडाचा आजार असणे या वेगवेगळ्या गोष्टी असू शकतात.

अहवालातील आणखी दोन शब्दांविषयी गैरसमज आढळतो. पहिला ‘डावा-उजवा’. वैद्यकात डावी व उजवी बाजू नेहमी रुग्णाची धरतात. त्यामुळे छातीच्या क्ष-किरण फिल्मवर रुग्णाची डावी बाजू पाहणाऱ्याच्या उजव्या हाताला येते. दुसरा शब्द ‘अक्यूट’. त्याचा अर्थ ‘अचानक उद्भवलेला’ असा आहे, तर ‘क्रॉनिक’ म्हणजे दीर्घकाळ चालत आलेला. अक्यूट मूत्रपिंडविकार योग्य उपचारांनी पुष्कळदा बरा होऊ शकतो. क्रॉनिक विकारात झालेली हानी सहसा भरून येत नाही, तिची वाढ मात्र रोखता किंवा लांबविता येते.

मूत्रपिंडाची घडण

पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना, शेवटच्या बरगड्यांच्या आडोशाला, सुमारे १० ते १२ सेंटिमीटर लांबीची दोन मूत्रपिंडे असतात. वर यकृत असल्यामुळे उजवे मूत्रपिंड किंचित खाली असते. प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे १० लाख सूक्ष्म गाळण्या असतात. त्यांना नेफ्रॉन म्हणतात. प्रत्येक नेफ्रॉनच्या आरंभी केशवाहिन्यांचा एक गुच्छ असतो आणि त्यापुढे एक लांब नलिका असते. गुच्छात रक्त गाळले जाते. नलिकेत त्या गाळातील उपयुक्त पाणी, साखर आणि क्षार शरीर परत घेते.

विश्रांतीच्या अवस्थेत हृदय दर मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त पंप करते. त्यातील सुमारे एक लिटर रक्त केवळ या दोन लहान अवयवांकडे जाते. त्यांत दिवसभरात जवळजवळ १८० लिटर द्रव गाळला जातो आणि लघवी होते ती सुमारे दीड लिटर. उरलेला सर्व द्रव रक्तात परत जातो.

लघवी होते, मग मूत्रपिंड निकामी कसे?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. समजा, गाळण्याची क्षमता दहा टक्क्यांवर आली. तरीही दिवसाला १८ लिटर द्रव गाळला जातो. उरलेल्या नलिकांकडून पाणी पूर्वीइतके परत घेतले जात नाही, म्हणून दीड लिटर लघवी तेव्हाही होऊ शकते. तिचे प्रमाण तेच राहते, तिच्यातून बाहेर पडणारी घाण मात्र कमी होते. नऊ दशांश काम थांबलेले असूनही बाहेरून काहीच जाणवत नाही, ते यामुळेच.

स्नायूंच्या नित्य झिजेतून तयार होणारा क्रिएटिनिन हा पदार्थ मूत्रपिंडे बाहेर टाकतात. प्रौढांमध्ये त्याचे रक्तातील प्रमाण साधारणतः दर १०० मिलिलिटरला ०.६ ते १.२ मिलिग्रॅम असते. सुमारे निम्मी कार्यक्षमता संपेपर्यंत हा आकडा फारसा वाढत नाही. मधुमेह आणि उच्च रक्तदाब ही मूत्रपिंडविकाराची दोन प्रमुख कारणे असल्याने, अशा रुग्णांनी लक्षणांची वाट न पाहता क्रिएटिनिन आणि लघवीतील अल्ब्युमिन या दोन्ही तपासण्या दरवर्षी करून घ्याव्यात. डॉक्टरांच्या सल्ल्याविना वेदनाशामक गोळ्या दीर्घकाळ घेऊ नयेत.

समस्थिती

बाहेर कितीही ऊन वा थंडी असो, शरीराच्या आतील उष्णता, पाणी, क्षार आणि आम्लता ठराविक मर्यादेत राहते. क्लोद बेर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात या आंतरिक पर्यावरणाची कल्पना मांडली; वॉल्टर कॅनन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९२६ साली तिच्या स्थैर्याला ‘होमिओस्टॅसिस’ हे नाव दिले. मराठीत आपण तिला समस्थिती म्हणतो.

समस्थिती राखण्यात मूत्रपिंडांचा वाटा फार मोठा आहे. पोटॅशियम हा क्षार रक्तात वाढला, तर हृदयाची लय बिघडून जीवावर बेतू शकते. आजाऱ्याला भेटायला जाताना शहाळे नेण्याची आपली प्रेमळ रीत आहे. परंतु शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम विपुल असते. मूत्रपिंडाच्या रुग्णाला आहारतज्ज्ञांना विचारल्याविना ते देऊ नये. याशिवाय मूत्रपिंडे रक्तदाबाचे नियंत्रण करतात, ‘ड’ जीवनसत्त्व कार्यक्षम स्वरूपात आणतात आणि तांबड्या पेशींच्या निर्मितीला चालना देणारे एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक तयार करतात. म्हणून या रुग्णांमध्ये रक्तक्षय आढळतो.

यंत्राची मर्यादा आणि दात्याचे स्थान

डायलिसिस यंत्र रक्त गाळते. संप्रेरके निर्माण करू शकत नाही. आठवड्याचे तास १६८. निरोगी मूत्रपिंड त्यांतील प्रत्येक तास काम करते. आठवड्यातून तीन वेळा, चार-चार तास डायलिसिस घेणाऱ्या रुग्णाला यंत्राचे १२ तासच मिळतात. उरलेल्या वेळात पथ्य आणि औषधे यांवर भिस्त असते. एका वेळच्या डायलिसिसला सुमारे १२० लिटर अतिशुद्ध द्रव लागतो. तेव्हा यंत्राइतकेच पाणी शुद्ध करणाऱ्या संयंत्राला आणि तंत्रज्ञांच्या प्रशिक्षणाला दिलेले दानही रुग्णाच्या शरीरापर्यंत थेट पोहोचते.

यंत्राची उणीव बऱ्याच अंशी भरून निघते ती प्रत्यारोपणाने. आपल्या देशात अवयव प्रत्यारोपणाचा कायदा १९९४ साली झाला. त्यातील ‘मेंदूमृत्यू’ ही संज्ञाही रचना आणि क्रिया यांतील भेद जाणल्याशिवाय समजत नाही. श्वसनाचे केंद्र मस्तिष्कस्तंभात असते. त्याचे कार्य कायमचे थांबले, तरी कृत्रिम श्वसनयंत्रामुळे हृदय काही काळ धडधडत राहते. ते पाहून नातेवाईक विचारतात, “हृदय चालू आहे, मग मृत्यू कसा?” लघवीच्या प्रश्नाशी या प्रश्नाचे नाते जवळचे आहे : एक खूण दिसत राहते, तिच्यामागचे मूळ कार्य थांबलेले असते. कायद्यानुसार चार डॉक्टरांच्या मंडळाने किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी करून मेंदूमृत्यू प्रमाणित करावा लागतो. त्यानंतर कुटुंबाने संमती दिली, तर मृताच्या दोन मूत्रपिंडांनी दोन रुग्णांची यंत्रापासून सुटका होऊ शकते.

हातात अहवाल आल्यावर नातेवाइकांनी डॉक्टरांना दोन प्रश्न अवश्य विचारावेत : रचनेत कोणता बदल झाला आहे? आणि कार्य किती शिल्लक आहे? हे प्रश्न विचारण्यात संकोच बाळगू नये. त्यांची उत्तरे मिळणे हा रुग्णाचा आणि आप्तांचा हक्क आहे, आणि उपचाराचे पुढील सर्व निर्णय त्यांवरच अवलंबून असतात.