टेस्ट कधी पास, कधी फेल: 'रेस कंडिशन' म्हणजे काय आणि ती दुरुस्त कशी करतात?

तोच प्रोग्रॅम, तीच टेस्ट. सकाळी पास, दुपारी फेल, पुन्हा चालवली की पास. मधल्या वेळात कोडमध्ये एका अक्षराचाही बदल नाही. अशा बेभरवशाच्या टेस्टला सॉफ्टवेअरच्या जगात 'फ्लेकी टेस्ट' म्हणतात. गुगलने २०१६ मध्ये सांगितलं होतं की, त्यांच्या जवळपास १६ टक्के टेस्ट कमी-अधिक प्रमाणात अशा आहेत.

अनेकदा यावर सोपा उपाय केला जातो: पास होईपर्यंत टेस्ट पुन्हा पुन्हा चालवायची. पण ऑपरेटिंग सिस्टीमच्या बाबतीत हा उपाय महागात पडू शकतो.

असं का होतं?

यामागचं एक मोठं कारण म्हणजे 'रेस कंडिशन'. समजा, ट्रेनमध्ये एकच सीट शिल्लक आहे. दोघांनी एकाच क्षणी ॲप उघडलं. दोघांनाही '१ सीट उपलब्ध' दिसलं आणि दोघांनीही पैसे भरले. सीट आहे का हे तपासणं आणि ती नावावर करणं, या दोन पायऱ्यांच्या मध्ये दुसरा कुणी घुसू शकत असेल, तर एकच सीट दोघांना विकली जाईल.

तुमच्या फोनमध्येही एकाच वेळी शेकडो कामं सुरू असतात. कुणाला प्रोसेसर कधी द्यायचा, हे ऑपरेटिंग सिस्टीम ठरवते. त्यामुळे कामांचा क्रम दर वेळी थोडा वेगळा असतो. हजार वेळा क्रम बरोबर जुळतो, एखाद्या वेळी चुकतो आणि टेस्ट फेल होते.

'डर्टी काऊ'ने काय शिकवलं?

लिनक्स हा अँड्रॉइड फोनचाही पाया आहे. त्याच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, 'डर्टी काऊ' नावाची रेस कंडिशन २००७ पासून होती. ती उघड झाली ऑक्टोबर २०१६ मध्ये. जी फाइल फक्त वाचण्याची परवानगी आहे, तिच्यात या त्रुटीमुळे बदल करता येत होता. तिथून पुढे संपूर्ण मशीनचा ताबा मिळवणं शक्य होतं.

हल्ल्याची पद्धतही बघण्यासारखी होती. दोन कामं एकाच वेळी सुरू करायची आणि नको तो क्रम जुळेपर्यंत ती पुन्हा पुन्हा चालवत राहायची. म्हणजे डेव्हलपर ज्याला 'क्वचित होतं' म्हणून सोडून देतो, ते हल्लेखोर हवं तेव्हा घडवून आणतो.

लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी दुरुस्तीसोबतच्या नोंदीत कबूल केलं की, ११ वर्षांपूर्वी त्यांनीच हा दोष काढण्याचा प्रयत्न केला होता, पण दुसऱ्या अडचणींमुळे तो बदल मागे घ्यावा लागला. तेव्हा केवळ कागदावर शक्य वाटणारी ही रेस पुढे सहज घडू लागली होती.

मग दुरुस्ती कशी करतात?

'दोन सेकंद थांबा' अशी ओळ टाकणं ही दुरुस्ती नाही. मशीन संथ झालं की दोन सेकंदही अपुरे पडतात.

पहिलं पाऊल म्हणजे दोष टेस्टमध्ये आहे की सिस्टीममध्ये, हे शोधणं. एखादी सेवा सुरू होण्याआधीच टेस्ट तिला प्रश्न विचारत असेल, तर चूक टेस्टची. तिथे घड्याळाकडे न बघता 'सेवा तयार आहे' या संदेशाची वाट बघायला लावतात.

दोष सिस्टीममध्ये असेल, तर तपासणं आणि बदलणं या दोन पायऱ्या 'लॉक' लावून एकत्र बांधतात. एकाचं काम पूर्ण होईपर्यंत दुसरा बाहेर थांबतो.

रेस पकडण्यासाठी साधनंही आहेत. २०२० मध्ये लिनक्स ५.८ मध्ये 'केसीसॅन' आलं. ते एखाद्या कामाला मुद्दाम क्षणभर थांबवतं आणि तेवढ्यात त्याच मेमरीला दुसरं कुणी हात लावतं का, हे बघतं.

शेवटची पायरी म्हणजे खात्री. आधी रेस हमखास घडेल अशी परिस्थिती तयार करायची, मग दुरुस्ती करून तीच टेस्ट हजारो वेळा चालवायची. एकदा हिरवा टिक दिसला म्हणजे दोष गेला, असं नाही. कदाचित त्या वेळी क्रम फक्त नशिबाने जुळलेला असतो.