रोपवाटिकेचा वर्धापनदिन : संत्रा बागाईतदारांसाठी दोन दिवसांची योजना

नागपूर व अमरावती जिल्ह्यांतील संत्र्याच्या बागेचे भवितव्य प्रथम ठरते ते रोपवाटिकेत. 6 × 6 मीटर अंतरावर लागवड केल्यास हेक्टरी 277 कलमे लागतात. कलम निकृष्ट असल्यास ही गोष्ट पुष्कळदा झाड फळावर येण्याच्या सुमारास, म्हणजे चार-पाच वर्षांनी, उघड होते. तोवर झालेला खर्च व गेलेला काळ भरून येत नाही. यास्तव रोपवाटिकेचा वर्धापनदिन केवळ हारतुरे व भाषणे यांत न घालविता, त्या निमित्ताने शनिवार व रविवार असे दोन दिवस रोपवाटिका सर्वांस खुली ठेवावी आणि आलेल्या शेतकऱ्यास चांगले कलम पारखण्यास शिकवावे, हे अधिक हितावह होय.

दिवसांची निवड

1950 साली वनमहोत्सवास प्रारंभ झाला, तेव्हापासून वृक्षांचा उत्सव पावसाळ्यात करण्याचा प्रघात आहे. लागवडीस तो काळ योग्यच. परंतु संत्र्याची रोपवाटिका पाहण्यास तो अनुकूल नाही. मूळकूज व डिंक्या हे रोग ज्या फायटोफ्थोरा नावाच्या सूक्ष्मजीवामुळे होतात, तो ओल्या मातीतून व वाहत्या पाण्यातून पसरतो. रोगट बागेतून आलेल्या पाहुण्याच्या पायतणाला लागलेला चिखल निरोगी रोपांपर्यंत पोचण्यास विलंब लागत नाही. म्हणून वर्धापनदिन पावसाळ्यात येत असला, तरी समारंभ हिवाळ्यात करावा. त्या वेळी जमीन कोरडी असते आणि डोळे बांधण्याचे कामही पाहावयास मिळते. गावचा बाजारदिवस मात्र टाळावा.

प्रवेशद्वारावरील व्यवस्था

येण्याजाण्यास एकच दार ठेवावे. दाराशी ब्रश व पाणी ठेवून पायतणांची माती प्रथम पूर्ण काढावी. नंतर मोरचुदाच्या द्रावणात भिजविलेल्या गोणपाटावरून पाहुण्यांनी आत यावे. माती तशीच राहिल्यास द्रावणाचा उपयोग होत नाही. द्रावण लोखंडी भांड्यात करू नये. अनवाणी आलेल्यांस, विशेषतः मुलांस, त्यावरून चालवू नये. त्यांचे पाय साबणाने धुवावेत.

आपल्या बागेतील वाळलेली फांदी किंवा पिवळी पाने तज्ज्ञांस दाखविण्याकरिता अनेक शेतकरी बरोबर आणतात. त्यांस परत पाठवू नये. पण ती सामग्री आत नेऊ देऊ नये. कुंपणाबाहेर झाडाखाली एक टेबल मांडून सल्ल्याची सोय तेथेच करावी. काटोल येथील प्रादेशिक फळ संशोधन केंद्र, तसेच 1985 साली स्थापन झालेली व आज केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था या नावाने ओळखली जाणारी नागपूरची संस्था, यांच्याकडे तज्ज्ञांसाठी किमान महिनाभर आधी लिहावे.

पाहणीचा क्रम

पंधरा-वीस जणांची तुकडी करून कोवळ्या रोपांकडून तयार कलमांकडे न्यावी. मागे फिरू देऊ नये. मातृवृक्ष दोरीबाहेरूनच दाखवावेत. प्रत्येक टप्प्यावर एकच गोष्ट नीट समजावून सांगावी.

पहिला टप्पा बियांचा. जंबेरीचे बी वाळले की त्याची उगवणशक्ती लवकर घटते, म्हणून ते ताजे पेरतात. दुसरा टप्पा खुंटांच्या निवडीचा. जंबेरीची बहुतेक रोपे मातृवृक्षासारखी निघतात. काही वेगळी निघतात, ती काढून टाकावी लागतात. काढलेली रोपे लपवू नयेत, ती शेजारीच मांडावीत. कोणती रोपे नाकारली, हे पाहूनच शेतकऱ्यास निवडीचे महत्त्व पटते. तिसरा टप्पा डोळा बांधण्याचा. पाहुण्यांना सराव करावयाचा असल्यास तोडलेल्या काड्या द्याव्यात, वाढत्या रोपांना हात लावू देऊ नये. डोळा जमिनीपासून सुमारे 20 ते 25 सेंटिमीटर उंचीवर बांधतात, कारण कलमाचा जोड लागवडीनंतर मातीला लागल्यास डिंक्याचा धोका वाढतो.

शेवटचा टप्पा मुळांचा. एक विक्रीयोग्य कलम घेऊन त्याची पिशवी सर्वांसमक्ष कापावी व पांढरी तंतुमुळे दाखवावीत. शेजारी फार दिवस पिशवीत राहून मुळे गुंडाळलेले जुने कलम ठेवावे. मूळकुजीची तपकिरी, साल सुटणारी मुळे मात्र चित्रातच दाखवावीत. नमुना आत आणू नये. एक कलम वाया गेले, तरी शेकडो कलमांची पारख त्यातून होते.

विक्री व नोंद

त्या दोन दिवसांत गर्दीच्या उत्साहात विक्री करू नये. मागणी नोंदवून घ्यावी व पावसाळ्यातील लागवडीच्या वेळी कलमे द्यावीत. 1969 च्या कायद्यान्वये घेतलेला फळरोपवाटिकेचा परवाना दर्शनी जागी असावा. खुंट कोणता आणि डोळे कोणत्या मातृवृक्षाचे, ही नोंदवही पाहुण्यांस उघडून दाखवावी.

समारोपास मोठ्या वक्त्याऐवजी, पहिल्या वर्षी येथूनच कलमे नेलेल्या दोन-तीन बागाईतदारांस बोलवावे. त्यांची झाडे कशी आहेत, किती मेली व का मेली, हे त्यांनी मोकळेपणाने सांगावे. रोपवाटिकेच्या गेल्या वर्षांचा खरा हिशेब तोच होय.