अंगाला लागणारा वास

फेब्रुवारी सरत आला की कोकणातल्या शिरोड्याच्या बाजारात सुरंगी येते. आरवली, आसोलीकडच्या झाडांवर माणसं उजाडायच्या आत चढलेली असतात, कारण ऊन वर आलं की कळे उमलतात आणि उमललेलं फूल ओवायच्या कामाचं राहत नाही. हे कळे जाड फांद्यांनाच घोसांनी लगडतात, त्यामुळे खुडायला झाडावर चढण्यावाचून गत्यंतर नसतं. काहींचे पिवळसर वळेसार (गजरे) होतात, काही वाळवून अत्तरासाठी विकले जातात.

हाच वळेसार माळून एखादी दिवसभर खुशीत असते आणि तिच्या शेजारची कपाळ धरून म्हणते, "ह्येच्या वासान माजा डोक्या दुखता." गावात याचं उत्तर तयार असतं: एकेकाच्या अंगाचा गुण. उत्तर चुकीचं नाही. पण अंग म्हणजे कातडी की नाक, तेवढं विचारून घ्यायला हवं.

अत्तरवाल्यांचा सगळा भर कातडीवर. तुमच्या त्वचेचा पीएच वेगळा, म्हणून अत्तर तुमच्यावर वेगळं खुलतं, असं ते छातीठोकपणे सांगतात. मला यात विज्ञानापेक्षा विक्रीकला जास्त दिसते. निरोगी त्वचा सगळ्यांचीच थोडी आम्लधर्मी असते, पीएच साधारण ५ च्या आसपास. खरा फरक पडतो तो तेलाने आणि उष्णतेने. सुगंधी द्रव्य म्हणजे उडून जाणाऱ्या रेणूंचं मिश्रण. लिंबासारख्या वासांचे हलके रेणू काही मिनिटांत निघून जातात, चंदनासारख्यांचे जड रेणू तासन्‌तास रेंगाळतात. तेलकट कातडी त्यांना धरून ठेवते, कोरडी लवकर सोडते. खोबरेल लावलेल्या केसांत फुलांचा वास संध्याकाळपर्यंत का टिकतो, त्याचं एक कारण हेच.

मग घाम येतो. अंगभर सुटणारा घाम म्हणजे मुख्यतः पाणी आणि मीठ. ज्यासाठी १९३० साली शिरोड्याच्या मिठागरांवर सत्याग्रह झाला, तेच मीठ. या घामाला वास जवळजवळ नसतो. काखेतल्या ग्रंथींचा स्राव निराळा, पण ताजा असताना तोही निर्गंधच. तिथले जिवाणू त्याचे तुकडे करतात, तेव्हा कुठे आंबूस आम्लं आणि कांद्याची आठवण करून देणारे गंधकाचे रेणू तयार होतात. कोणत्या काखेत कोणते जिवाणू किती, हे माणसागणिक बदलतं. त्यामुळे अत्तर कधीच एकटं दरवळत नाही, या जिवाणूंच्या संगतीनेच दरवळतं.

आता नाक. लिंडा बक आणि रिचर्ड अॅक्सेल यांनी १९९१ मध्ये गंधग्राहकांची जनुकं शोधली, २००४ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. माणसात अशी सुमारे ४०० जनुकं चालू स्थितीत असतात आणि दोन माणसांचे संच सहसा तंतोतंत जुळत नाहीत. सोनचाफा घ्या. त्याच्या वासात बीटा-आयोनोन नावाचा रेणू असतो. न्यूझीलंडमधल्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवलं की ओआर५ए१ या एका जनुकातल्या एका अक्षराच्या फरकाने हा रेणू कुणाला फुलासारखा गोड वाटतो, तर कुणाला आंबट, उग्र. आणि मात्रा कमी असेल तर या दुसऱ्यांना वासच येत नाही. म्हणजे एकाच चाफ्याभोवती दोघी बसल्या, तरी दोघींच्या नाकात एकच चाफा पोचतो असं नाही.

याचा अधिक मजेदार दाखला शिरोड्यात फुलांपेक्षा मासळीजवळ सापडतो. समुद्रातल्या माशाच्या अंगात एक निर्गंध संयुग असतं. मासा मेल्यावर जिवाणू त्यापासून ट्रायमिथाइलअमीन बनवतात, तोच तो मासळीचा वास. बांगड्याच्या तिखल्यात सोलां (आमसुलं) पडली की त्यांच्या आम्लात हे अमीन अडकतं आणि वास बसतो. आपल्या यकृतातलं एक विकर जेवणातून आलेल्या या अमीनची वाट लावतं. ज्यांच्यात हे विकर बनवणारं एफएमओ३ हे जनुक बिघडलेलं असतं, त्यांच्या घामाला मात्र माशाचा वास येतो. साध्या साबणाने तो सहजी हटत नाही. हे झालं अंगाचं. नाकाचं म्हणाल तर आइसलँडमध्ये ११ हजारांहून अधिक लोकांना निरनिराळे वास हुंगवले, त्याचा अहवाल २०२० मध्ये आला. टीएएआर५ या जनुकाचं एक दुर्मीळ रूप असलेल्यांना मासळीचा वास तितका खुपत नव्हता. काहींनी तर बटाटा, कॅरॅमल अशी नावं घेतली!

अत्तराच्या आवडीपर्यंत हे पोचतं का? क्लाउस वेडेकिंड आणि मॅनफ्रेड मिलिन्स्की या संशोधकांनी विद्यार्थ्यांना ३६ वास दिले, त्याचा अहवाल २००१ मध्ये आला. ज्यांची रोगप्रतिकारक जनुकं सारखी, त्यांना स्वतःच्या अंगाला लावायला साधारण सारखेच वास आवडले. आपण अत्तराने स्वतःचा वास झाकत नाही, उलट ठळक करतो, असा त्यांचा तर्क. तर्क मोहक आहे, पण जनुकं आणि गंध यांच्या या नात्यावरचे पुढचे निष्कर्ष एका सुरात नाहीत, तेव्हा मी तो अजून खिशातच ठेवतो. प्रागमधला २०१२ चा प्रयोग मला जास्त पटतो. पुरुषांनी एका काखेत स्वतःचं नेहमीचं अत्तर लावलं, दुसरीत संशोधकांनी दिलेलं. नुसती अत्तरं हुंगताना परीक्षकांना दोन्ही सारखीच बरी वाटली. घामात मिसळल्यावर मात्र ज्याने त्याने निवडलेलं अत्तर सरस ठरलं.

संस्कृतीचं काय? सुरंगी आपली म्हणून आवडते, असं म्हणावं, तर २०२२ मध्ये नऊ निरनिराळ्या समाजांत झालेला अभ्यास आडवा येतो. वासांच्या आवडीनिवडीतला फक्त ६ टक्के फरक संस्कृतीच्या खात्यावर पडला. ४१ टक्के रेणूच्या घडणीमुळे, ५४ टक्के ज्याच्या त्याच्या व्यक्तिगत आवडीमुळे. व्हॅनिला बहुतेक सगळीकडे वर, पायमोज्यांच्या वासाचं आम्ल सगळ्यात खाली.

तेव्हा दुकानात कागदाच्या पट्टीवर हुंगून बाटली घेऊ नये. मनगटावर थेंब लावावा, बाजार करावा, मासळी घ्यावी, घरी पोचल्यावर पुन्हा हुंगावं. तोवर हलके रेणू उडून गेलेले असतात आणि जड रेणूंची तुमच्या तेलाघामाशी गाठ पडलेली असते. मासळीची पिशवी तेवढी दुसऱ्या हातात असू द्यावी.