'महान' आणि 'बडा बनिया'

लाखनीत इतिहास शिकवत असताना एका मुलीने मला विचारले, "सर, प्रशियाच्या फ्रेडरिकला 'महान' कोणी ठरवले?" मी "लोकांनी" म्हणालो आणि वेळ मारून नेली. ते उत्तर अर्धे खोटे होते, म्हणून हे लिहितो आहे.

फ्रेडरिक दुसरा १७४० साली गादीवर आला, १७८६ साली मेला. त्याच्या बापाला उंच शिपायांचा नाद. उंच माणूस दिसला की फूस लावून, प्रसंगी पळवून पलटणीत भरती. बापाच्या जाचाला कंटाळून अठरा वर्षांचा फ्रेडरिक पळून जायला निघाला, तेव्हा बापाने त्याला क्यूस्ट्रिनच्या किल्ल्यात कोंडले आणि साथ देणाऱ्या मित्राचे शिर उडवले. साल १७३०. जुलूम म्हणजे काय, हे या राजाला अंगावर कळले होते. गादीवर येताच त्याने चौकशीतला शारीरिक छळ जवळजवळ बंद केला, धर्माच्या बाबतीत मोकळीक दिली. हे मान्य केले पाहिजे. तो बासरी वाजवी, व्हॉल्तेअरशी वाद घाली, स्वतःला राज्याचा पहिला सेवक म्हणवी.

पण खेड्यातला कुळवाडी? त्याला जमीनदाराच्या परवानगीवाचून गाव सोडता येत नसे, लग्नही करता येत नसे. मालकाच्या शेतावर फुकट राबणे होतेच. आपल्याकडे याला वेठबिगार म्हणतात. ती मोडण्याचा हुकूम निघाला १८०७ साली, फ्रेडरिक मरून एकवीस वर्षे झाल्यावर, आणि तोही नेपोलियनकडून मार खाल्ल्यावर. 'महान' ही पदवी मात्र १७४५ साली, सायलेशियाची लढाई जिंकून राजा परतला तेव्हाच्या बर्लिनच्या जयघोषात चिकटली. त्या जयघोषात वेठीचा माणूस कसा असणार? त्याला तर गावाची शीवच बंद होती.

आपला भंडारा तेव्हा नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यात गेला होता. फ्रेडरिक सायलेशियासाठी लढत होता त्याच दशकात पहिल्या रघूजीच्या फौजा बंगाल लुटत होत्या. १७५१ च्या तहाने बंगालकडून वर्षाला बारा लाख चौथाई ठरली. आपण शाळेत हा पराक्रम म्हणून शिकतो. बंगालच्या खेड्यांत तो 'बर्गी' या नावाने आठवला जातो.

आणि दुसरा रघूजी. १८०३ साली आडगावची लढाई हरला, देवगावच्या तहाने कटक आणि वऱ्हाड गेले. तिजोरीतली तूट त्याने उरलेल्या मुलखातून, म्हणजे आपल्या आजे-पणज्यांकडून, वसूल केली. नवे कर बसवले, शिपायांचे पगार थकवले, मग शिपाईही रयतेला लुटू लागले. लोकांनी त्याचे नाव ठेवले 'बडा बनिया'. ही पदवी दरबारातून आली नाही. माझ्या मते भोसल्यांच्या इतिहासातला हा सर्वांत विश्वासार्ह कागद आहे, आणि तो कागदावर नव्हे, तोंडी तयार झाला.

त्यात पेंढारी आले. १८११ साली त्यांनी नागपूरची उपनगरे जाळली. या मुलखातल्या पुष्कळ गावगढ्या याच धामधुमीत बांधल्या गेल्या. धाड आली की गाव गढीत शिरे. गावाची राखण महाराकडे होती. हाळी त्याने द्यायची. त्याचे स्वतःचे घर मात्र गावकुसाबाहेर. पहिली आग कोणाच्या छपराला लागली असेल?

सुट्टीत मुलांना मी काम दिले आहे. ज्यांच्या गावी गढीची पडकी भिंत उरली आहे त्यांनी ती पाहावी, आणि तिथून महारवाडा किती पावलांवर होता ते मोजून आणावे.