‘सीटी नॉर्मल आहे, मग नाटकं कसली?’

नाशिकच्या पंचवटीत हे वाक्य इतक्यांदा कानावर येतं की आता ते पूर्ण होण्याआधीच राग येतो. आडगाव नाक्याजवळ किंवा पेठ रोडला दुचाकी घसरते, डोक्याला मार लागतो, दोन दिवस दवाखान्यात काढून माणूस घरी येतो. फाइलमध्ये सीटी स्कॅनचा रिपोर्ट असतो : नॉर्मल. महिनाभरानं घरातले कुजबुजायला लागतात. हा पूर्वीसारखा राहिला नाही. भाजीत मीठ कमी पडलं म्हणून ताट भिरकावतो. गॅस चालू ठेवून निघून जातो. नाहीतर दिवसभर भिंतीकडे बघत बसतो, आंघोळीलाही दहादा सांगावं लागतं. मग सल्ले सुरू होतात. अंगात आळस भरलाय. कामाला जायला नको म्हणून करतोय. अपघाताच्या जागी काहीतरी लागलं असेल, त्र्यंबकला जाऊन शांती करून घ्या. आणि सगळ्यात शेवटी, शहाण्या माणसाच्या थाटात, ते वाक्य.

हा गैरसमज घराघरांत नुकसान करतोय, म्हणून जरा सविस्तर सांगते.

अपघाताच्या रात्री सीटी काढतात तो एका तातडीच्या प्रश्नासाठी : आत रक्तस्राव, सूज किंवा हाडाला चीर आहे का, आणि लगेच ऑपरेशन करावं लागणार का? ‘नॉर्मल’ हे त्या प्रश्नाचं उत्तर आहे. मेंदू पूर्वीसारखा काम करतोय, असं त्या कागदावर कुठंही लिहिलेलं नसतं. डोकं जोरात आपटतं किंवा हिसका बसतो तेव्हा मेंदू कवटीच्या आत हलतो, पिळला जातो आणि त्याच्या एका भागाला दुसऱ्याशी जोडणारे बारीक तंतू ताणले जातात, काही तुटतात. ही इजा सीटीत बऱ्याचदा दिसतच नाही. एमआरआयमध्ये कधी दिसते, कधी तिथंही नाही.

मार कुठं बसतो, हेही बघा. कपाळामागचा आणि कानशिलामागचा भाग कवटीच्या खडबडीत तळावर घासतो, म्हणून तिथं इजा जास्त होते. राग आवरणं, कामाचा क्रम लावणं, काम आपणहून सुरू करणं, समोरच्याचा चेहरा बघून गप्प बसणं, ही सगळी कामं कपाळामागच्या भागाची. तो दुखावला की आपण ज्याला स्वभाव म्हणतो तोच बदलतो. कुणी तापट होतो, कुणी अगदी थंड पडतो. आणि बऱ्याचदा, आपल्यात काही बदललंय हे त्या माणसालाच जाणवत नाही. तो मनापासून सांगतो, ‘मला काही झालेलं नाही.’ घरच्यांना तो खोटारडेपणा वाटतो. खरं तर बदल न जाणवणं हाही त्या इजेचाच भाग असतो.

‘पण त्याला सगळं आठवतंय की! पाढेसुद्धा म्हणतो.’ म्हणेल ना. जुनं, पाठ झालेलं सहसा टिकतं. दिंडोरी रोडच्या मार्केट यार्डात भाजीचा लिलाव बघा. पुकारा चालू असतो, दोघं एकदम भाव बोलतात, मागून हमाल हाक मारतो, हातानं पट्टी लिहायची असते आणि खिशातला फोन वाजतो. डोक्याला मार लागलेला तरुण आडत्याच्या गाळ्यावर परत कामाला आला की नेमका इथं अडकतो. फोन उचलला की शेवटचा भाव डोक्यातून जातो. दुपारपर्यंत डोकं ठणकायला लागतं, मग तो कुणावर तरी खेकसतो आणि मालक म्हणतो, याचं कामात लक्ष नाही. लक्ष नाही हे खरंच आहे. पण लक्ष टिकवण्याची ताकदच घटलेली आहे, हे कुणी समजून घेत नाही.

मनाचं दुखणं यातूनच येतं. २०१० साली ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात अमेरिकेतल्या सिएटलच्या डॉक्टरांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. मेंदूला इजा होऊन रुग्णालयात दाखल झालेल्या ५५९ जणांवर त्यांनी वर्षभर लक्ष ठेवलं. निम्म्याहून थोड्या अधिक, म्हणजे ५३ टक्के लोकांना त्या वर्षात तीव्र नैराश्य आलं. हे सगळे नाटकी होते, असं म्हणायचं आहे का?

घाबरवायचा हेतू नाही. सौम्य इजा झालेले बहुतेक लोक काही आठवड्यांत, फार तर तीन महिन्यांत सावरतात. विश्रांती हवी, मग हळूहळू काम वाढवायला हवं, आणि दारू पूर्ण बंद. जे तीन महिन्यांनंतरही सावरत नाहीत त्यांच्यासाठी औषधं आहेत, समुपदेशन आहे, स्मरणशक्ती आणि लक्ष यांचं प्रशिक्षण आहे. पण आधी आजार आहे हे मान्य तर करा.

वडीलधाऱ्यांबाबत याच गैरसमजाचं आणखी धोकादायक रूप दिसतं. रामकुंडाच्या ओल्या पायऱ्यांवर आजोबा घसरतात, डोक्याला टेंगूळ येतं, स्कॅन नॉर्मल येतो. तीन-चार आठवड्यांनी ते विसरायला लागतात, दिवसा झोपतात, एक पाय ओढत चालतात. घरचे म्हणतात, वय झालं. म्हातारपण असं तीन आठवड्यांत येत नसतं! मेंदूवरच्या आवरणाखाली रक्त हळूहळू साचत जाऊ शकतं. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या घेणाऱ्यांना हा धोका जास्त. पुन्हा स्कॅन केला तर कळतं, आणि कवटीला छोटं छिद्र पाडून रक्त काढलं की पुष्कळ जण बरे होतात.

मेंदू आणि मनाबद्दलचे बाकीचे गैरसमज थोडक्यात.

‘लग्न करून द्या, ताळ्यावर येईल.’ येत नाही. एका आजारात दुसऱ्या घरची मुलगी ओढली जाते, एवढंच.

‘मतिमंद म्हणजे वेडा.’ बौद्धिक अक्षमता हा मानसिक आजार नाही, हे २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदाही सांगतो. रजनी लिमये यांनी १९७७ साली अशा मुलांसाठी नाशकात प्रबोधिनी विद्यामंदिर सुरू केलं, तरी हा घोळ अजून संपलेला नाही. उलटी चूकही तितकीच वाईट. या मुलांनाही नैराश्य येतं, भीती बसते. शांत मुलगी अचानक स्वतःला चावायला लागली तर ‘ती तशीच आहे’ म्हणून सोडू नका. दात दुखतोय का, कुणी त्रास देतंय का, मन खचलंय का, ते बघा.

‘लस दिल्यानं स्वमग्नता येते.’ हा दावा करणारा १९९८ चा शोधनिबंध ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकानं २०१० मध्ये मागे घेतला.

‘अक्षरं उलटी लिहितो, ढ आहे.’ अध्ययन अक्षमता २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहे, आणि परीक्षेत जादा वेळ मिळतो.

‘फिट आली की कांदा हुंगवा.’ नको. कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका. पाच मिनिटांत थांबली नाही तर दवाखाना गाठा.

‘गावातल्या गावात हेल्मेट कशाला?’ नाशिक पोलिसांना १५ ऑगस्ट २०२१ पासून ‘नो हेल्मेट, नो पेट्रोल’ मोहीम काढावी लागली ती याच वाक्यामुळे. जगभरच्या अभ्यासांचा कॉक्रेन या संस्थेनं २००८ मध्ये आढावा घेतला, त्यात हेल्मेटमुळे डोक्याला इजा होण्याचा धोका ६९ टक्क्यांनी कमी होतो असं आढळलं.

घरात कुणाच्या डोक्याला मार लागून गेला असेल आणि त्यानंतर माणूस बदलला असेल, तर काय काय बदललं ते तारखेनिशी वहीत लिहा. ती वही घेऊन मेंदूविकारतज्ज्ञाकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. त्याला एकट्याला पाठवू नका, कारण तो आत जाऊन ‘मला काही नाही’ एवढंच सांगेल. कुठं जावं सुचत नसेल तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक फिरवा. फोन मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.