टोकियोच्या स्टेशनला डच खलाशाचं नाव कसं? जपानमध्ये लपलेल्या डच खुणांची गोष्ट

टोकियो स्टेशनच्या एका बाजूचं नाव आहे याएसू. ऐकायला अस्सल जपानी वाटतं, पण हे नाव आलंय एका डच माणसाकडून, यान योस्टेनकडून. जपानी लोकांच्या तोंडी त्याचं झालं 'यायोसु' आणि पुढे 'याएसू'.

तर झालं असं की, 1598 मध्ये रॉटरडॅमहून पाच जहाजं निघाली. त्यातलं 'लिफ्दे' हे एकच जहाज 1600 साली जपानला लागलं. जिवंत उरले होते जेमतेम दोन डझन लोक, तेही उपासमारीने खंगलेले. त्यातलाच एक यान योस्टेन. पुढे शोगुन झालेल्या तोकुगावा इएयासूने त्याला पदरी ठेवून घेतलं आणि एदोत, म्हणजे आजच्या टोकियोत, घर दिलं.

या जहाजाच्या मागच्या बाजूला युरोपातला विचारवंत इरॅस्मस याचा लाकडी पुतळा होता. तो फिरत फिरत सानो गावातल्या बौद्ध मंदिरात पोहोचला आणि तिथे त्याची पूजा होऊ लागली. हा देव नसून इरॅस्मस आहे, हे कळायला विसावं शतक उजाडावं लागलं.

आता प्रश्न असा, की परदेशी लोकांसाठी दारं बंद करणाऱ्या जपानने डचांनाच का राहू दिलं?

याचं उत्तर आहे धर्म. पोर्तुगीज व्यापाराबरोबर ख्रिस्ती धर्मही आणायचे आणि शोगुनला तेच खुपत होतं. 1637 मध्ये शिमाबाराला शेतकऱ्यांनी बंड केलं, त्यात ख्रिस्ती मोठ्या संख्येने होते. शोगुनच्या माणसांनी डचांकडे मदत मागितली आणि डच जहाजाने बंडखोरांच्या किल्ल्यावर तोफा डागल्या. ख्रिस्ती लोकांवर ख्रिस्ती लोकांनीच. 1639 मध्ये पोर्तुगिजांची हकालपट्टी झाली, डच मात्र टिकले.

पण त्यांच्यावरही विश्वास नव्हताच. हिरादो बंदरात डच ईस्ट इंडिया कंपनीने दगडी वखार बांधली आणि दर्शनी भिंतीवर साल कोरलं, 1639. हे ख्रिस्ती कालगणनेचं साल असल्याचं कारण देत शोगुनच्या अधिकाऱ्याने वखार पाडायला सांगितली. डच प्रमुख फ्रान्स्वा कारोनने वाद न घालता ती पाडली. नवीकोरी इमारत गेली, धंदा वाचला. हिरादोला गेलात तर ही वखार आज पुन्हा उभी दिसेल, पण ती 2011 साली नव्याने बांधलेली आहे. (याच कंपनीची एक वखार तेव्हा आपल्या वेंगुर्ल्यातही होती. तिचे मूळ अवशेष आजही आहेत.)

1641 मध्ये डचांना नागासाकीच्या देजिमा बेटावर हलवण्यात आलं. हे बेट समुद्रात भराव घालून मुळात पोर्तुगिजांना वेगळं ठेवण्यासाठी बनवलेलं. आकार पंख्यासारखा, क्षेत्रफळ साधारण दीड हेक्टर, म्हणजे एखाद्या क्रिकेटच्या मैदानाएवढं. किनाऱ्याला जोडणारा पूल एकच आणि त्यावर पहारा. परवानगीशिवाय बाहेर पडायचं नाही. वर या जागेचं भाडंही डचांनीच भरायचं! दोनशेहून जास्त वर्षं हे चाललं.

प्रमुखाला ठरावीक काळाने एदोला जाऊन शोगुनपुढे वाकावं लागे. 1691 मध्ये अशाच एका फेरीत कंपनीचा डॉक्टर एंगेलबर्ट केम्फर याला दरबारात नाचून-गाऊन दाखवावं लागलं. एवढं सगळं सहन का केलं? जपानचं तांबं आणि चांदी. त्यातलं पुष्कळ तांबं भारतातल्या बाजारात विकलं जायचं.

जपानने मात्र या खिडकीचा पुरेपूर वापर केला. येणाऱ्या प्रत्येक डच जहाजाने जगाच्या बातम्या लिहून द्यायच्या असा नियम होता. अमेरिकेची जहाजं येणार आहेत, हे 1852 मध्ये डचांनीच आधी कळवलं होतं.

सगळ्यात भारी किस्सा 1771 चा. सुगिता गेनपाकु आणि मायेनो रियोताकु हे डॉक्टर एदोत एका मृत्युदंड झालेल्या स्त्रीचं शवविच्छेदन बघायला गेले, हातात शरीररचनेचं डच पुस्तक घेऊन. समोर जे दिसत होतं ते चिनी ग्रंथांशी जुळेना, डच पुस्तकातल्या चित्रांशी मात्र तंतोतंत जुळलं. झालं, पुस्तक जपानीत आणायचं ठरलं. अडचण एवढीच की सुगिताला डच येत नव्हतं आणि धड शब्दकोशही नव्हता. एकेका शब्दावर डोकं फोडत 1774 मध्ये 'काइताई शिन्शो' छापून आलं.

डच खुणा शोधायला खरं तर नागासाकीपर्यंत जायचीही गरज नाही. जपानी माणूस बिअरला 'बीरु', काचेला 'गारासु', रबराला 'गोमु' आणि सर्जनच्या सुरीला 'मेसु' म्हणतो, हे सगळे शब्द डच. 'डोरेमॉन'मधल्या नोबिताच्या पाठीवरचं चौकोनी दप्तर आठवतंय? त्याला 'रान्दोसेरु' म्हणतात, डच भाषेतल्या सैनिकी पिशवीच्या नावावरून. ब्रेडसाठीचा 'पान' हा शब्द मात्र पोर्तुगिजांचा, आपल्या 'पाव'चा सख्खा भाऊ.

आणि हो, नागासाकीतल्या 'ओरांदा-झाका'वर, म्हणजे 'डच चढा'वर, फोटो काढणार असाल तर हे माहीत असू द्या. ही वस्ती 1859 नंतर आलेल्या सगळ्याच पाश्चात्त्यांची होती. इतकी वर्षं गोरा माणूस म्हणजे डचच, अशी सवय लागलेले नागासाकीकर इंग्रज-अमेरिकनांनाही 'ओरांदा-सान'च म्हणायचे.

खुद्द देजिमाभोवती आता समुद्र उरलेला नाही. भराव पडत गेला आणि बेट शहरात बुडालं. जुन्या इमारती आता पुन्हा बांधल्या जातायत. पायी बेटावर जायचा पूल गेला होता, तिथे 2017 मध्ये नवा आला. यावर मात्र पहारेकरी नाही.