शिक्षकाची पाटी

मागील वर्षीं पालकसभेच्या अखेरीस केळीच्या बागेंत राबणारे एक पालक उठून उभे राहिले आणि त्यांनीं आम्हांस सरळ प्रश्न केला, "गुरुजी, आतां तर मोबाइलच सगळें सांगतो. मग तुम्ही काय शिकवतां?" सभेंत हंशा पिकला. आम्हीही हंसलों, परंतु नशिराबादेच्या पेठेंतून घरीं जातांना तो प्रश्न वाटभर आमच्या मागें येत होता. तो थट्टेचा नव्हता. मुलीच्या शिक्षणासाठीं पोटास चिमटा घेणाऱ्या बापानें तो विचारला होता. म्हणून त्याचें उत्तर या पानांवर देण्याचा यत्न करीत आहों.

शाळेंत नवीन साधन आजच आलें, असें नाहीं. पूर्वींचे पंतोजी धुळपाटीवर अक्षरें गिरवून घेत. लांकडी पाटीवर बारीक धूळ पसरावयाची, तीवर काडीनें अक्षर काढावयाचें, आणि चुकलें कीं हात फिरवून पाटी पुन्हां कोरी करावयाची. पुढें दगडी पाटी आली, बोरू जाऊन टांक आला, टांक जाऊन झरणी आली. प्रत्येक वेळीं मुलांच्या आधीं गुरुजींस तें साधन हातांत धरावयास शिकावें लागलें.

या धुळीसंबंधीं एक मौजेची हकीकत आहे. अँड्र्यू बेल नांवाचे स्कॉटलंडचे एक धर्मोपदेशक अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रास येथें अनाथ मुलांच्या शाळेचे प्रमुख होते. तेथील एका देशी शाळेंत मुलें वाळूवर बोटानें अक्षरें काढून शिकत आहेत, असें त्यांच्या दृष्टीस पडलें. ही रीत आपल्या शाळेंत सुरू करावी म्हणून त्यांनीं आपल्या शिक्षकांस सांगून पाहिलें. पण ते कांहीं केल्या तयार होईनात. तेव्हां बेल यांनीं सुमारें आठ वर्षांच्या एका मुलावर तें काम सोपविलें, व त्यानें तें उत्तम पार पाडलें! १७९७ सालीं बेल यांनीं या प्रयोगाची माहिती लंडनमध्यें छापली, आणि 'मद्रास पद्धति' या नांवानें ती इंग्लंडांतील कित्येक शाळांत पसरली. त्या नकार देणाऱ्या शिक्षकांविषयीं आम्हांस थोडी सहानुभूति वाटते. नवें साधन पुढें आलें कीं आमच्याही तोंडून पहिल्यानें 'हें येथें चालावयाचें नाहीं' असेंच निघतें.

फळ्याचेंही तसेंच. एडिंबरो येथील शिक्षक जेम्स पिलन्स यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं भूगोल शिकविण्यासाठीं मोठा काळा फळा वापरला. त्या सुमारास अमेरिकेंतही तो वापरांत आला. फळा म्हणजे केवळ मोठी पाटी, असें वाटेल. पण त्यानें वर्गाची बैठकच बदलली. पूर्वीं प्रत्येक मूल आपल्या पाटीकडे पाही व गुरुजी एकेकाजवळ जात. आतां सर्वांचे डोळे एकाच ठिकाणीं लागले. वर्गाकडे पाठ न करितां लिहिणें आणि हातानें वाटोळें वर्तुळ काढणें या नव्या विद्या शिक्षकास कमवाव्या लागल्या. आमचें वर्तुळ तीस वर्षांनंतरही भोपळ्यासारखें येतें, हें आमचे विद्यार्थी जाणतातच.

स्वतः शिकत राहून शिकविणारीं माणसें महाराष्ट्रांत थोडीं झालीं नाहींत. सावित्रीबाई फुले यांनीं घरीं अक्षरओळख करून घेतली, अध्यापनाचें शिक्षण घेतलें, आणि मुलींस शिकविण्यासाठीं शेणमातीचा मारा सोसला. आपल्या खानदेशांतच, अमळनेरच्या प्रताप हायस्कुलांत, १९२४ ते १९३० या काळांत साने गुरुजी शिक्षक होते. वसतिगृहांतील मुलांसाठीं ते 'छात्रालय दैनिक' काढीत. छापखाना नाहीं, यंत्र नाहीं, सगळें हातानें लिहिलेलें. रोज लिहावयाचें तर रोज वाचावें लागे, हें निराळें सांगावयास नको.

आतां अलीकडच्या काळाकडे येऊं. तुमच्या पाठ्यपुस्तकांत काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा एक चौकोन छापलेला असतो. त्यास क्यूआर कोड म्हणतात. १९९४ सालीं जपानमधील डेन्सो वेव्ह या कंपनीनें मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठीं तो तयार केला. त्याच्या तीन कोपऱ्यांत जे मोठे चौकोन असतात, त्यांवरून चित्र सुलटें कीं उलटें हें कॅमेऱ्यास कळतें; उरलेल्या बारीक ठिपक्यांत पत्ता सांठविलेला असतो, व त्या पत्त्यावर धडा, कविता किंवा चलच्चित्र सांपडतें. कारखान्यांतील ही खूण शालेय पुस्तकांत आणण्यांत सोलापूर जिल्ह्यांतील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे तेव्हांचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांचा मोठा वांटा आहे. २०२० सालीं त्यांस दहा लक्ष डॉलरांचें जागतिक शिक्षक पारितोषिक मिळालें, व त्यांतील निम्मी रक्कम त्यांनीं अंतिम फेरींतील इतर नऊ शिक्षकांस वांटून देण्याचें जाहीर केलें. आम्हांस त्या रकमेपेक्षां ही गोष्ट अधिक बोलकी वाटते कीं, मोटारीच्या कारखान्यांतील खूण पहिलीच्या बाळबोध पुस्तकांत उपयोगी पडेल, हें एका खेड्यांतील शिक्षकास सुचलें.

त्याच २०२० सालीं मार्च महिन्यांत करोनाच्या सांथीनें शाळा बंद झाल्या. ती हकीकत मात्र आमच्या लौकिकाची नाहीं. पहिला आठवडा आमचा आवाज मुलांस ऐकूं जात नव्हता, आणि आम्ही मुलांवर रागावत होतों. शेवटीं आठवीच्या एका मुलीनें, "सर, तुमचा माइक बंद आहे," असें कागदावर लिहून पडद्यासमोर धरलें. ही फजिती सोसण्यासारखी होती. दुसरी तशी नव्हती. नववींतील एक मुलगा पडद्यावर कधींच दिसेना. आम्ही रोज त्याच्या नांवापुढें गैरहजेरी मांडीत गेलों. तब्बल पांच आठवड्यांनीं त्याच्या घरीं गेलों, तेव्हां कळलें कीं घरांत एकच फोन, तो घेऊन वडील पहाटे कामावर जात, व दिवेलागणीनंतर परतत. त्या दिवसापासून आम्ही प्रश्नांचे कागद हातानें लिहून घरोघर पोंचवूं लागलों. पण तोंवर तो मुलगा केळीचे घड भरण्याच्या कामास लागला होता. तो शाळेंत परत आला नाहीं. साधन कसें चालवावें हें आम्ही शिकलों होतों. तें कोणापर्यंत पोंचत नाहीं, हें शिकावयास आम्हीं उशीर केला. त्या हजेरीपटाचें पान आम्हांस अजून डोळ्यांसमोर दिसतें.

सरकारनेंही शिक्षकांच्या शिकण्याची व्यवस्था केली आहे. २०१७ सालीं 'दीक्षा' हें संगणकीय व्यासपीठ निघालें, २०१९ सालीं 'निष्ठा' ही प्रशिक्षण योजना सुरू झाली, आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणांत प्रत्येक शिक्षकानें वर्षास निदान ५० तास स्वतःच्या शिक्षणास द्यावे, अशी अपेक्षा आहे. हेतु उत्तमच, परंतु खरें सांगावयाचें तर पडद्यावर व्याख्यान लावून द्यावें व शेजारीं उत्तरपत्रिका तपासीत बसावें, असेंही घडतें. आम्हींही तें केलें आहे. तास भरले, प्रमाणपत्र आलें, पाटी कोरीच राहिली.

आणि आतां प्रश्नाचें उत्तर देणारें, निबंधही लिहून देणारें यंत्र मुलांच्या हातीं आलें आहे. वाघूर नदीवर निबंध लिहावयास सांगितला असतां एका विद्यार्थ्यानें दोन पानें सुरेख मजकूर आणला. भाषा आमच्याहून गोड! मात्र त्यांत वाघूर ही गोदावरीची उपनदी ठरली होती. अजिंठ्याच्या डोंगरांत उगम पावून, लेण्यांच्या पायथ्याशीं वळसा घेऊन ती तापीस मिळते, हें नदीकांठच्या गुराख्यासही ठाऊक. यंत्र खोटें बोललें काय? तसें नव्हे. असंख्य मजकूर वाचून, एका शब्दापुढें दुसरा कोणता शब्द येण्याचा संभव अधिक, याचा हिशेब तें करीत असतें. ज्या विषयावर पुष्कळ लिहिलेलें आहे तेथें तो हिशेब बहुधा जमतो. आमच्या वाघुरेवर थोडकेंच लिहिलेलें. तेथें तें अंदाजानें पुढें जातें, आणि अंदाज सांगतांना त्याचा आवाज जराही कांपत नाहीं. आमच्या मुलांची लेवा बोली कानीं पडली कीं तें असेंच गडबडतें, असा आमचा अनुभव आहे.

त्या मुलास आम्हीं शिक्षा केली नाहीं. "तूं यंत्रास नेमकें काय विचारलेंस, तें आम्हांस दाखीव," असें म्हणून त्याच्या शेजारीं बसलों. त्यानें दाखविलें, आम्हीं विचारून पाहिलें, यंत्रानें आम्हांसही तितक्याच आत्मविश्वासानें चुकविलें. मग आम्हीं निबंधाचा विषयच बदलला: आजीच्या लहानपणीं वाघुरेस पाणी किती महिने असे, तें आजीस विचारून लिहा. सत्तावीस निबंध आले. एकही दुसऱ्यासारखा नव्हता, आणि त्यांतील पुष्कळ गोष्टी आम्हांस पहिल्यानेंच कळल्या.

ते बागाईतदार पालक गेल्या श्रावणांत पुन्हां शाळेंत आले. केळीच्या पानावर पिवळे पट्टे पडले होते. त्याचें छायाचित्र दाखवून फोननें दोन निरनिराळे रोग सांगितले होते, व दोहोंचीं औषधें निराळीं होतीं. "गुरुजी, यांतलें खरें कोणतें?" त्यांनीं विचारलें. आम्हांस ठाऊक नव्हतें, आणि तसें आम्हीं सांगितलें. त्यांची मुलगी जवळच उभी होती. पान घेऊन कृषि-कार्यालयांत जावें व तोंवर फवारणी थांबवावी, असें तिनें सुचविलें. दुसऱ्या दिवशीं सुट्टी होती. तें पान वर्तमानपत्रांत गुंडाळून आम्ही तिघेही जळगांवच्या बसमध्यें बसलों.